वाचकांचे प्रश्न : चेर्केसांचा नायब आणि त्याची अकरा वर्षं

मागच्या अंकात कॉकेशसच्या डोंगरात रशियाशी लढणाऱ्या इमाम शमिलवर लेख होता. त्यात एक ओळ ओझरती येऊन गेली : ‘शमिलचा नायब मुहम्मद अमीन पश्चिमेकडे चेर्केसांवर अकरा वर्षं हुकूमत गाजवत होता.’ या एका ओळीवर नाशिक शहरातून, मालेगाव-येवल्याकडून आणि सिन्नरहून बरीच पत्रं आली. एका ओळीत उरकण्याचा हा विषय नव्हताच, म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे.

शमिल स्वतः चेर्केस होता का? नसेल तर चेर्केसांनी त्याच्या माणसाला आपल्यावर का बसू दिलं? (निवृत्त शिक्षक, पंचवटी)

शमिल चेर्केस नव्हता. तो दागेस्तानातल्या गिमरी गावचा, अवार जमातीचा. १८३४ मध्ये तो इमाम, म्हणजे तिथल्या लढ्याचा प्रमुख झाला. दागेस्तान आणि चेचन्या कॉकेशसच्या पूर्व टोकाला, कास्पियन समुद्राकडे. चेर्केस, म्हणजे स्वतःला ‘अदिगे’ म्हणवणारे लोक, पश्चिम टोकाला, काळ्या समुद्राकडे. मधला मुलूख रशियाच्या ताब्यात होता. अवार आणि अदिगे या भाषाही इतक्या वेगळ्या, की एकाचं दुसऱ्याला अक्षर कळू नये.

‘नायब’ म्हणजे प्रतिनिधी. आपल्या नायब तहसीलदारातला तोच शब्द. शमिलने पश्चिमेला एकामागून एक तीन नायब धाडले. पहिला हाजी मुहम्मद १८४२ मध्ये आला आणि १८४४ मध्ये वारला. दुसरा सुलेमान एफेंदी १८४५ मध्ये आला आणि वर्षभरातच रशियनांना जाऊन मिळाला. १८४६ च्या वसंतात शमिलने स्वतः मधल्या कबार्दात उतरून पूर्व-पश्चिम जोडायचा प्रयत्न केला, तोही फसला. मग १८४८ च्या अखेरीस तिसरा नायब आला, मुहम्मद अमीन. हाही दागेस्तानी अवार, वय तिशीच्या आसपास.

चेर्केसांनी त्याला का स्वीकारलं याचं उत्तर त्यांच्या अडचणीत आहे. १८२९ च्या एद्रिनेच्या तहात तुर्कस्तानने काळ्या समुद्राचा हा किनारा रशियाला देऊन टाकला. चेर्केसांचं म्हणणं होतं की आम्ही तुर्कस्तानचे कधी नव्हतोच, तर त्याने आम्हाला दिलं कसं? १८४० मध्ये त्यांनी किनाऱ्यावरचे चार रशियन किल्ले जिंकलेही. (त्याच साली आपल्या नाशकात सार्वजनिक वाचनालय सुरू झालं.) पण जिंकलेले किल्ले राखायला कायमची फौज लागते, आणि ती उभी करणारी यंत्रणा त्यांच्यापाशी नव्हती. प्रत्येक खोऱ्याची आपापली सभा. लढाई आली की एकत्र यायचं, संपली की घरी जायचं. यंत्रणा उभी करून देणारा माणूस त्यांना हवा होता, आणि तो कोणत्याही एका जमातीचा नसला तर उत्तमच. परकेपण हीच मुहम्मद अमीनची सुरुवातीची जमेची बाजू होती.

‘महकमे’ नावाची ठाणी त्याने उभारली असं वाचलं. त्यांचा कारभार प्रत्यक्षात कसा चालायचा? (मालेगाव)

‘महकमा’ म्हणजे न्यायकचेरी. हुकूम, हाकिम हे शब्द त्याच धातूतले. अमीनचा महकमा मात्र कचेरी, ठाणं, मदरसा आणि कोठार असं सगळं एकत्र होतं. भोवती खंदक आणि लाकडी कुंपण. आत मशीद, निवाड्याची जागा, मुलांची शाळा, पहारेकऱ्यांची घरं, दंडात आलेलं धान्य-जनावरं ठेवायची जागा आणि कैद्यांसाठी जमिनीत खणलेला खड्डा. बहुतेक महकमे नद्यांच्या काठी होते, कारण वस्ती तिथेच होती.

रचना खालून वर पाहिली की नीट कळते. सर्वांत खाली शंभर घरांचा गट आणि त्याचा एक वडीलधारा जबाबदार माणूस. असे गट मिळून एक महकमा. त्यावर मुफ्ती आणि त्याच्या हाताखाली काजी. हुकूम बजावायला ‘मुर्तझिक’ नावाचे स्वार. ठराविक घरांमागे एक स्वार द्यायचा, त्याचा खर्च त्या घरांनी सोसायचा. हे स्वार नायबाच्या हुकमात असत, गावाच्या नव्हे. सगळी मेख इथेच होती, पुढच्या उत्तरात ती येईलच.

पैसा तीन वाटांनी यायचा : पिकाचा धार्मिक दशमांश, दंड आणि लढाईतल्या लुटीचा वाटा.

निवाड्यात झालेला बदल सर्वांत मोठा होता. त्याआधी भांडण मिटवायचं ते ‘खाब्झे’प्रमाणे, म्हणजे रूढीप्रमाणे. दोन्हीकडचे लोक पंच नेमणार, पंच दोन्ही बाजूंमध्ये ये-जा करणार, शेवटी भरपाई ठरणार. आपल्याकडच्या गोतसभेची आठवण व्हावी अशी ही पद्धत, आणि गोतसभेसारखीच ती सगळ्यांच्या संमतीवर उभी. खून झाला तर रक्ताची किंमत मृताच्या दर्जाप्रमाणे ठरे. उमरावाच्या रक्ताची जास्त, साध्या शेतकऱ्याच्या रक्ताची कमी. अमीनच्या शरियतीत दोघांच्या रक्ताची किंमत एक. ‘त्फोकोत्ल’ म्हणजे स्वतंत्र शेतकरी त्याच्या मागे का उभे राहिले ते एवढ्यावरून कळतं. शाप्सुग, नातुखाई आणि अबाझेख या जमातींत शेतकऱ्यांनी उमरावांशी १८ व्या शतकाच्या अखेरीसच उघड झगडा केला होता. १७९६ ची बझियुकची लढाई उमरावांनी जिंकली, पण त्यांचे जुने हक्क पुन्हा पूर्वीसारखे बसले नाहीत. ते अर्धवट राहिलेलं काम अमीनने कायद्याच्या भाषेत पुढे नेलं. त्याला निव्वळ ‘कडवा मुल्ला’ म्हणून मोडीत काढणारं लिखाण ही बाजू गाळतं, आणि हे आम्हाला अन्यायाचं वाटतं.

स्वातंत्र्यासाठीच लढणाऱ्या लोकांनी आपल्याच नायबाचे महकमे का जाळले? (सिन्नर)

पत्रांतला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच. १८४९-५० मध्ये अमीनने अबाझेखांपाठोपाठ शाप्सुग, नातुखाई आणि सोचीच्या किनाऱ्यावरच्या उबिखांकडूनही शपथा घेतल्या. १८५१ मध्ये त्यातला बराच भाग त्याच्या हातून निसटला आणि महकमे जाळले गेले. पुढच्या दोन वर्षांत त्याने ते पुन्हा उभे केले. कारणं एकात एक गुंतलेली आहेत.

पहिलं कारण मीठ. हे फार कमी ठिकाणी नीट लिहिलं जातं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चेर्केसांच्या डोंगरात मीठ पिकत नाही, आणि त्यांची सारी उपजीविका गुराढोरांवर. जनावरांना चाटायला मीठ, चीज टिकवायला मीठ, हिवाळ्यासाठी मांस राखायला मीठ. ते यायचं समुद्रातून तुर्की गलबतांवरून, नाहीतर सीमेवरच्या रशियन विनिमय-बाजारांतून. रशियन आरमाराने किनारा अडवला की पहिली वाट बंद पडे. अमीनने शत्रूशी व्यापाराला मनाई केली की दुसरीही बंद. अबाझेख आत डोंगरात, त्यांची दगाबाजी करायची शक्यता कमी आणि नायबाचा धाक जवळ. नातुखाई मात्र अनापा आणि नोव्होरोसिस्क या किनाऱ्यावरच्या रशियन ठाण्यांच्या अगदी शेजारी. रशियन पलटण सकाळी निघाली तर दुपारी त्यांच्या गावात, आणि नायबाचे स्वार पूर्वेला कित्येक दिवसांच्या अंतरावर. नायबाचं ऐकलं तर रशियन घर जाळणार, रशियनांशी जमवून घेतलं तर मुर्तझिक दंड करणार. अशा माणसाने दर मोसमाला पारडं बदललं तर त्याला फितूर म्हणणं सोपं आहे, बरोबर नाही.

दुसरं कारण शपथ. चेर्केस सभेत, म्हणजे ‘खासे’त, निर्णय बहुमताने होत नसे. सगळ्यांनी होकार देईपर्यंत बोलणं चालायचं, कधी दिवसच्या दिवस. एकदा शपथ घेतली की मोडणाऱ्याला त्याचेच भाऊबंद जाब विचारत. अमीनला इतका वेळ नव्हता. तो फौज घेऊन खोऱ्यात यायचा, शपथ घ्यायला लावायचा, ओलीस घ्यायचा आणि पुढे निघायचा. अशी शपथ फौज खोऱ्यात असेतोवरच बांधून ठेवते. फौज वळली की शपथ घेणाऱ्याच्या मनाला ती मोडल्याची टोचणी नसे, कारण त्याच्या लेखी ती खासेत घेतलेली शपथच नव्हती.

तिसरं कारण जुना धर्म. इस्लाम इथे क्रिमियाच्या खानांमार्फत आणि तुर्कांमार्फत आला होता, पण सगळीकडे सारखा मुरला नव्हता. डोंगरात देवराया होत्या, झाडाला टेकवलेले लाकडी क्रूस होते, वीज पडून मेलेल्यासाठी विजेच्या देवाला, शिब्लेला, आळवायची रीत होती. नायबाच्या काजींनी हे बंद करायला घेतलं. आपल्या सुरगाण्या-पेठेकडच्या माणसाला डोंगऱ्यादेवाचा उत्सव बंद करायला सांगितलं तर कसं लागेल, त्यावरून ताडा.

उमराव तर पहिल्यापासून विरोधातच होते. त्यांचं कारण उघड आहे.

जुन्या चित्रांत चेर्केसांच्या छातीवर दोन्हीकडे नळ्यांच्या रांगा दिसतात. त्या गोळ्या का? (विद्यार्थिनी, गंगापूर रोड)

गोळ्या नव्हेत. त्या ‘गाझिर’. लाकडाच्या किंवा हाडाच्या पोकळ नळ्या, झग्यावर शिवलेल्या कप्प्यांत बसवलेल्या, एका बाजूला साधारण आठ ते दहा. प्रत्येक नळीत एका बाराची मोजून भरलेली दारू. घोड्यावर बसून दारू मोजत बसायला लागू नये म्हणून ही सोय.

भरायची रीत अशी : नळी काढायची, तोंडचं बूच सोडायचं, दारू नळीतून थेट बंदुकीच्या नळीत ओतायची. वर गोळी, तेलकट फडक्यात गुंडाळलेली. ती गजाने तळापर्यंत ठासायची, कारण गोळी आणि दारू यांत पोकळी राहिली तर नळी फुटण्याचा धोका. मग चकमकीच्या कानात वेगळ्या छोट्या शिंगातली बारीक दारू. चुकायचं बहुतेक याच शेवटच्या पायरीवर. धुकं किंवा पाऊस असला की कानातली दारू दमट होते, ठिणगी पडते पण बार उडत नाही. म्हणून बंदूक केसाळ कातड्याच्या गवसणीत ठेवायची आणि ऐन वेळी काढायची.

कझाकांनी (रशियाचे सरहद्दीवरचे लढवय्ये, इंग्रजीत ‘कोसॅक’; कझाकस्तानचे नव्हेत) हा पोशाख जसाच्या तसा उचलला. म्हणून नुसत्या चित्रावरून माणूस चेर्केस की त्याच्याशी लढणारा कझाक, हे ठरवायला जाऊ नका.

क्रिमियन युद्धात इंग्लंड, फ्रान्स आणि तुर्कस्तान तिघेही रशियाविरुद्ध होते. तेव्हा चेर्केसांचं काम का झालं नाही? (सातपूर)

एका मुलखात दोन कारभारी झाले, म्हणून. तुर्कस्तानने १८५४ मध्ये सेफर बे झानोको याला पाशा करून किनाऱ्यावर उतरवलं. हा जन्माने चेर्केस राजकुळातला, कित्येक वर्षं एद्रिनेत अडकून पडलेला. त्याच्याकडे सुलतानाची सनद आणि घराण्याचं नाव, अमीनकडे महकमे आणि स्वार. १८५५ मध्ये रशियनांनी अनापा सोडल्यावर सेफर बे तिथे येऊन बसला आणि नातुखाई-शाप्सुग त्याच्याकडे झुकले. अबाझेख अमीनकडे राहिले. युद्ध संपल्यावर दोघांच्या माणसांत चकमकीही झडल्या.

त्यात मार्च १८५६ च्या पॅरिसच्या तहात चेर्केसांना काहीच मिळालं नाही. त्यानंतर अमीन १८५७ मध्ये मदत मागायला इस्तंबूलला गेला, तर तुर्कांनी रशियाच्या दबावाखाली त्यालाच पकडून दमास्कसला पाठवलं. तिथून निसटून तो परत आला. इंग्लंडच्या भरवशावर राहिलेल्यांची फसगत आपल्याला नवी नाही.

अमीनच्या शरणागतीची तारीख काही ठिकाणी २० नोव्हेंबर, काही ठिकाणी २ डिसेंबर १८५९ दिसते. खरी कोणती? (नाशिकरोड)

दोन्ही खऱ्या. रशियात तेव्हा जुनी दिनदर्शिका होती. १९ व्या शतकातल्या रशियन तारखेत १२ दिवस मिळवा, की आपली तारीख येते. शमिलची शरणागती २५ ऑगस्ट की ६ सप्टेंबर, हा घोळही तसाच सुटतो. एकाच टिपणात दोन्ही पद्धती मिसळू नका, नाहीतर आधीचं नंतर आणि नंतरचं आधी होऊन बसतं.

त्याच सुमारास, आपल्या दिनदर्शिकेच्या नोव्हेंबर १८५९ मध्ये, सिन्नर तालुक्यात भागोजी नाईकांचा शेवट झाला. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण नाशिकच्या वाचकाच्या मनात ते वर्ष पक्कं बसायला ही खूण उपयोगी पडेल.

अमीन शरण आला तो एकटा नाही, अबाझेखांसह. शमिल पडल्यावर पूर्वेची सगळी रशियन फौज आता पश्चिमेकडे वळणार हे त्याला दिसत होतं. तो पीटर्सबर्गला जाऊन झारला भेटला, त्याला सालाना ३,००० रूबल तनखा मिळाला आणि उरलेलं आयुष्य त्याने तुर्कस्तानात काढलं. याला कोणी दगा म्हणतात. त्या घडीला त्याच्या हातात काय उरलं होतं याची यादी केली, तर तसं म्हणायला जीभ रेटत नाही.

नायब गेला म्हणजे प्रतिकार संपला का? (येवला)

संपला नाही, आणि हाच या इतिहासाचा सर्वांत दुर्लक्षित भाग. जून १८६१ मध्ये अबाझेख, शाप्सुग आणि उबिखांनी सोचीजवळ एकत्र येऊन मजलिस, म्हणजे सर्वांची मिळून एक कारभारी सभा, स्थापन केली. पंधरा सदस्य, मुलखाचे बारा जिल्हे, प्रत्येक जिल्ह्याला मुफ्ती आणि काजी, दर शंभर घरांमागे पाच स्वार. ओळखीचं वाटतं ना? हा साचा अमीनचाच. फरक एवढाच की या वेळी तो बाहेरून लादलेला नव्हता, लोकांनी आपल्या सभेत बसून घेतला होता. ज्यांनी दहा वर्षांपूर्वी महकमे जाळले त्यांच्याच भागांनी तोच हिशेब मान्य केला. विरोध शंभर घरांच्या हिशेबाला नव्हता, तो कोणी मांडला याला होता.

पण उशीर झाला होता. रशियाचा बेत १८६० च्या शरदात व्लादिकावकाझच्या बैठकीत ठरला होता आणि जनरल येव्दोकिमोव्ह तो पायरीपायरीने राबवत होता. आधी हिवाळ्यात, पानं गळलेली असताना, रानातून बंदुकीच्या टप्प्याइतका रुंद पट्टा तोडायचा, म्हणजे झाडांआडून मारा होणार नाही. पट्ट्याच्या टोकाला ठाणं बांधायचं. वाटेतली गावं आणि गवताच्या गंजी जाळायच्या. वैरण गेली की गुरं जातात, गुरं गेली की माणसाला डोंगरात हिवाळा काढता येत नाही. मग मोकळ्या झालेल्या जागी कझाकांची वस्ती बसवायची, आणि वसंतात पुढची नदी. एका लढाईत हरवणं वेगळं आणि हे वेगळं. इथे समोरून लढायला कोणी येतच नाही, कुऱ्हाडी येतात.

सप्टेंबर १८६१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर स्वतः त्या भागात आला आणि चेर्केस प्रतिनिधींना भेटला. त्यांच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या गेल्या : कुबानच्या मैदानात रशियन अमलाखाली जाऊन राहा, नाहीतर तुर्कस्तानात जा. १८६२ मध्ये सोचीजवळची मजलिसची इमारत रशियन फौजेने समुद्रातून उतरून जाळली. २१ मे १८६४ (आपली २ जून) रोजी क्बाआदा इथे, म्हणजे आजच्या क्रास्नाया पोल्यानात, रशियनांनी विजयाचं संचलन केलं. २०१४ च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या डोंगरातल्या स्पर्धा झाल्या त्या याच ठिकाणी, बरोबर दीडशे वर्षांनी. जगभरचे चेर्केस २१ मे हा दिवस शोकदिन म्हणून पाळतात.

आमच्या अभ्यास मंडळाला भिंतीवरचा नकाशा करायचा आहे. कसा आखावा? (देवळाली कॅम्प)

७० × ५० सेंटिमीटरचा कागद आडवा धरा. १ सेंमी म्हणजे ५ किमी. अनापा ते सोची सरळ रेषेत सुमारे २४० किमी, म्हणजे कागदावर ४८ सेंमी. डावीकडे वरच्या अंगाला अनापा, तिथून किनारा तिरका खाली उजवीकडे सोचीपर्यंत. वरच्या बाजूला पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी कुबान. किनाऱ्याला समांतर मुख्य डोंगररांग : पश्चिमेला बुटकी, सोचीकडे चढत जाणारी. तिथला फिश्त २,८६७ मीटर, आपलं कळसूबाई १,६४६.

आता डोंगरातून उत्तरेकडे उतरून कुबानला मिळणाऱ्या नद्या पश्चिमेकडून ओळीने काढा : अदागुम, प्सेकुप्स, प्शिश, बेलाया, लाबा. बेलायाला प्शेखा येऊन मिळते. नद्या आधी आणि जमाती नंतर, कारण चेर्केसांची जमात म्हणजे खोऱ्यांचा समूह. नातुखाई अनापाच्या कोपऱ्यात, त्यांच्या पूर्वेला डोंगराच्या दोन्ही अंगांना शाप्सुग, प्सेकुप्स ते बेलाया अबाझेख, सोचीच्या किनाऱ्यावर उबिख.

इथे एक चूक हमखास होते. आजचा नकाशा गिरवला तर कुबानवर मोठा जलाशय येतो. तो क्रास्नोदारचा, १९७० च्या दशकात भरलेला. प्सेकुप्स, प्शिश आणि बेलाया यांची मुखं त्यात बुडाली, जशी नाथसागरात गोदावरीकाठची गावं गेली. १८५० च्या नकाशातून तो काढून टाका आणि तिन्ही नद्या कुबानपर्यंत वाढवा.

रंग तीनच ठेवा. अमीनचा अंमल कायम टिकला तो अबाझेख भाग गडद, येत-जात राहिला तो शाप्सुग, नातुखाई आणि उबिख भाग फिका, रशियन ठाणी लाल. १८६४ मध्ये मुलूख सोडून तुर्कस्तानात जावं लागलेल्या चेर्केसांसाठी किनाऱ्यावरून बाण काढाल ते समुद्रात अर्धवट सोडू नका. पैलतीर या कागदात मावत नाही, म्हणून खाली एक पट्टी जोडा आणि बाण त्राब्झोन व सामसून या तुर्की बंदरांपर्यंत न्या. त्या काळच्या रशियन नोंदींत गेलेल्यांचा आकडा पाच लाखांच्या जवळ आहे, इतर अंदाज त्याहून मोठे आहेत. उपासमारीने आणि साथींनी माणसं मेली ती अलीकडच्या किनाऱ्यावर, गलबतांत आणि त्या दोन बंदरांतही. तेव्हा पट्टीवर बंदरांच्या नावांशेजारी हे लिहायला जागा राखून ठेवा.